लांब इंग्रजी शब्दाला घाबरू नका: आधी तुकडे पाडा, मग जोर शोधा

दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली आपली मुलं-मुली अकरावी सायन्सला जातात आणि पहिल्याच महिन्यात अडखळतात. विषय समजत नाही असं नसतं. मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा उर्दूत ‘ज़ियाई तालीफ़’ म्हणून तो धडा त्यांनी नीट शिकलेला असतो. पण आता तोच धडा ‘फोटोसिंथेसिस’ हे नाव घेऊन समोर येतो. चौदा अक्षरांचं स्पेलिंग बघूनच डोळे पुढच्या ओळीवर सरकतात. वर्गात मोठ्यानं वाचायची वेळ आली की शब्दाची सुरुवात ऐकू येते आणि शेवट तोंडातच राहतो. दोन-तीनदा कुणी हसलं की मूल हात वर करायचं बंद करतं.

पुढे नर्सिंग, फार्मसी, नोकरीची मुलाखत, परदेशात जाण्यासाठीची परीक्षा, सगळीकडे हीच अडचण येते. आयेल्ट्स या परीक्षेत बोलण्याची जी चाचणी असते, तिच्या गुणांचे चार समान भाग आहेत. त्यातला एक पूर्ण भाग उच्चाराचा आहे, म्हणजे २५ टक्के.

आपल्या शाळांमधून स्पेलिंग पाठ करून घेतात, अर्थ लिहून घेतात. पण न पाहिलेला लांब शब्द समोर आला तर तो वाचायचा कसा, हे क्वचितच शिकवलं जातं. त्यामुळे मुलांना वाटतं की इंग्रजी उच्चार हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांचंच काम आहे. तसं अजिबात नाही. यामागे एक साधी पद्धत आहे आणि तिच्या दोनच पायऱ्या आहेत. पहिली, शब्दाचे तुकडे पाडणं. दुसरी, त्यातला कोणता तुकडा जोरात म्हणायचा ते ओळखणं.

सिलेबल म्हणजे काय?

शब्द बोलताना तोंडातून जे तुकडे बाहेर पडतात, त्यातल्या एकेका तुकड्याला इंग्रजीत सिलेबल म्हणतात. प्रत्येक तुकड्यात एक स्वराचा आवाज असतोच. ‘बुक’ हा एक तुकडा. ‘टी-चर’ हे दोन. ‘हॉस-पि-टल’ हे तीन. ‘फो-टो-सिन-थ-सिस’ हे पाच.

मोजायची सोपी युक्ती अशी की हनुवटीखाली हात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येऊन हाताला लागेल, साधारण तितके तुकडे. लहान मुलं टाळ्या वाजवून मोजतात, तेही चालतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. मोजायचे ते आवाज, स्पेलिंगमधली अक्षरं नव्हे. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाचच आहेत, ए, ई, आय, ओ, यू. आणि अधूनमधून वायसुद्धा स्वराचं काम करतो. पण स्वरांचे आवाज साधारण वीस आहेत. म्हणून एकच अक्षर वेगवेगळ्या शब्दांत वेगळं वाजतं, आणि दोन-तीन स्वर मिळून एकच आवाजही होतो. ‘ब्यूटिफुल’च्या स्पेलिंगमध्ये स्वरांची पाच अक्षरं आहेत, पण तुकडे तीनच आहेत: ब्यू-टि-फुल.

हे काम आपल्या मुलांना येतंच

मकतबमध्ये नूरानी कायदा शिकलेल्या मुलाला हे काही नवीन नाही. आधी हर्फ ओळखायचा, त्यावर ज़बर आहे की ज़ेर की पेश ते बघायचं, आवाज जोडायचा, मग पुढचा तुकडा. यालाच आपण हिज्जे करणं म्हणतो. पाच-सहा वर्षांचं मूल अशा रीतीनं लांबलचक शब्द न अडखळता वाचायला शिकतं. मराठी माध्यमातली मुलं व्याकरणात लघु-गुरु शिकतात, म्हणजे अक्षरांची लांबी मोजतात. म्हणजे तुकड्यांनी वाचायची सवय आपल्या घरात आहेच. तीच सवय इंग्रजीला लावायची आहे.

फरक इतकाच की मराठीत जसं लिहितो जवळपास तसंच वाचतो, आणि कायद्यात एराब लावलेले असतात. इंग्रजी लिपीत अशी कोणतीही खूण नसते. तिथे नियमांचा आधार घ्यावा लागतो.

तुकडे कुठे पाडायचे?

सगळ्यात आधी पुढचे-मागचे डबे सोडवा. मालगाडीसारखं समजा. पुढे अन, डिस, रि, इंटर असे डबे लागतात. मागे मेंट, नेस, शन, एबल असे. ‘अनएम्प्लॉयमेंट’ हा शब्द बघा. पुढचा ‘अन’ काढला, मागचा ‘मेंट’ काढला, मधे राहिला ‘इम-प्लॉय’. झाले चार तुकडे.

दोन स्वरांच्या मधे दोन व्यंजनं आली तर बहुतेक वेळा त्यांच्या मधोमध तोडा: डॉक-टर, विन-डो, सेप-टेम-बर. मात्र एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच या जोड्या तोडायच्या नाहीत, कारण त्या जोडीचा मिळून एकच आवाज असतो. म्हणून ‘ए-लि-फंट’मधले पी आणि एच एकत्रच राहतात.

शब्दाच्या शेवटी एकटा ई असेल तर तो बहुधा मुका असतो. ‘मेक’, ‘होम’ हे एकेकच तुकडे आहेत. पण व्यंजनानंतर शेवटी एल-ई असेल तर त्याचा वेगळा तुकडा होतो: टे-बल, लि-टल, पॉ-सि-बल.

आता एक मोठा शब्द घेऊ. ‘इंटरनॅशनलायझेशन’. स्पेलिंग वीस अक्षरांचं. पुढचा ‘इंटर’ बाजूला काढा, शेवटचा ‘शन’ बाजूला काढा. मधला ‘नॅशनल’ तर पहिलीपासून ओळखीचा आहे. मग सगळे तुकडे मांडा: इन-ट-नॅ-श-न-लाय-झे-शन. आठच तुकडे, आणि एकही तुकडा अवघड नाही.

नेमकं कुठे तोडायचं यावर डिक्शनऱ्यांचंही कधीकधी एकमत नसतं. काही डिक्शनऱ्यांत शब्दाच्या मधे जे ठिपके असतात ते मुळात ओळ संपताना शब्द कुठे तोडून लिहावा यासाठी असतात, उच्चारासाठी नव्हे. म्हणून मुलानं एखादं व्यंजन इकडच्या ऐवजी तिकडे लावलं तर वाद घालू नका. तुकडे किती आहेत, ते बरोबर आलं की पुरे.

‘इस्कूल’मधला जादा तुकडा

उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ आणि ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अरबी आणि फारसीत शब्दाची सुरुवात दोन जोडलेल्या व्यंजनांनी होत नाही. उर्दूलाही तसंच वळण आहे, म्हणून जीभ आपोआप आधी एक ‘इ’ घेते. पण इंग्रजीच्या हिशेबात त्यानं एक तुकडा वाढतो. ‘स्कूल’ एक तुकडा आहे, ‘इस-कूल’ दोन झाले. ‘फिल्म’ एक आहे, ‘फि-लम’ दोन झाले.

यावर उपाय सोपा आहे. आधी नुसता ‘स्स्स’ असा लांब आवाज काढा, थांबू नका, त्यालाच जोडून ‘कूल’ म्हणा. काही दिवस असं केलं की जादा ‘इ’ गळून पडतो.

उलट काही शब्दांत आपण इंग्रजीनं गिळलेले तुकडेही म्हणतो. ‘व्हेजिटेबल’ आपण चार तुकड्यांत म्हणतो, इंग्रजीत ते तीनच आहेत: व्हेज-ट-बल. ‘कम्फर्टेबल’ही बोलताना बहुधा तीनच तुकड्यांचा होतो: कम्फ-ट-बल.

आता दुसरी पायरी: जोर

तुकडे पडले म्हणजे अर्धं काम झालं. मराठी आणि उर्दूत आपण शब्दाच्या एखाद्याच तुकड्यावर फार जोर देत नाही, सगळे तुकडे बऱ्यापैकी स्पष्ट म्हणतो. इंग्रजीत तसं नसतं. तिथे एक तुकडा राजा असतो आणि बाकीचे दबून राहतात. राजा तुकडा थोडा लांब, थोडा मोठ्यानं आणि थोड्या वरच्या पट्टीत म्हणायचा. यालाच स्ट्रेस किंवा आघात म्हणतात. डिक्शनरीत त्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. इथून पुढे आपणही तीच खूण वापरू: ˈ

केळ्याचा शब्द घ्या, ‘बनाना’. स्पेलिंगमध्ये तीनही स्वर ए आहेत. आपण म्हणतो ब-ना-ना. इंग्रजीत होतं ब-ˈना-न. मधला ए ऐटीत वाजतो, बाजूचे दोन्ही ए पुसट ‘अ’ होऊन जातात. या पुसट ‘अ’ला श्वा म्हणतात आणि इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच आहे. स्पेलिंगमध्ये ए असो, ई असो की ओ, तुकड्यावर जोर नसेल तर बऱ्याचदा त्याचा हा पुसट ‘अ’ होतो. स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत अशी जी आपली तक्रार असते, तिचं एक मोठं कारण इथे सापडतं.

जोर चुकला तर काय बिघडतं? ऐकणारा शब्द ओळखतो तो जोराच्या तुकड्यावरून. ˈकॉ-म-डी म्हणजे विनोदी नाटक-सिनेमा, क-ˈमि-टी म्हणजे समिती. ˈडे-झर्ट म्हणजे वाळवंट, डि-ˈझर्ट म्हणजे जेवणानंतरचा गोड पदार्थ. काही शब्दांचं स्पेलिंग तेच राहतं आणि जोर हलला की काम बदलतं. ˈरे-कॉर्ड म्हणजे नोंद, रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंद करणं. ˈप्रे-झन्ट म्हणजे भेटवस्तू, प्रि-ˈझेन्ट म्हणजे सादर करणं. ˈपर-मिट म्हणजे परवाना, पर-ˈमिट म्हणजे परवानगी देणं.

शब्दाची शेपटी बघा, जोर सापडेल

दोन तुकड्यांच्या शब्दांत नाम असेल तर जोर बहुधा पहिल्यावर असतो: ˈटी-चर, ˈडॉक-टर. क्रियापद असेल तर अनेकदा दुसऱ्यावर: डि-ˈसाइड, रि-ˈसीव्ह. पण हो-ˈटेल, प-ˈलीस, इ-ˈव्हेंट ही नामं असूनही त्यांचा जोर शेवटी आहे. आपण बहुतेक जण ‘हॉटेल’ म्हणताना तो सुरुवातीला देतो.

लांब शब्दांत मात्र शेवटचा भाग, म्हणजे शेपटी, फार उपयोगी पडते.

‘शन’ ऐकू येत असेल तर जोर त्याच्या अगदी आधीच्या तुकड्यावर: ए-ज्यु-ˈके-शन, इन-फ-ˈमे-शन, पर-ˈमि-शन. इ-लेक-ˈट्रि-शन म्हणजे वायरमन, त्यालाही हाच नियम लागतो.

शेवटी ‘इक’ असेल तरीही जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर: सा-यन-ˈटि-फिक, ए-क-ˈनॉ-मिक, ऍ-क-ˈडे-मिक.

शेवटी ‘इटी’ असेल तर जोर त्या ‘इटी’च्या आधी: यु-नि-ˈव्हर-सि-टी, क-ˈम्यु-नि-टी, माय-ˈनॉ-रि-टी, इ-लेक-ˈट्रि-सि-टी.

‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘क्रसी’, ‘नॉमी’ अशा शेवटांच्या शब्दांत मागून तिसरा तुकडा धरा: बाय-ˈऑ-ल-जी, जि-ˈऑग-र-फी, डि-ˈमॉक-र-सी, इ-ˈकॉ-न-मी. आपण ‘बायोलॉजी’ म्हणताना ‘लॉ’वर जोर देतो, खरा जोर त्याच्या आधीच्या ‘ऑ’वर आहे. अ-ˈनॅ-ल-सिस, हाय-ˈपॉ-थ-सिस यांतही मागून तिसराच. आणि आपला सुरुवातीचा शब्दही इथेच बसतो: फो-टो-ˈसिन-थ-सिस.

‘ईअर’ आणि ‘ईज’ या शेपट्या जोर स्वतःकडे ओढून घेतात: एन-जि-ˈनिअर, व्हॉ-लन-ˈटिअर, जॅ-प-ˈनीज.

‘मेंट’, ‘नेस’, ‘फुल’, ‘ली’, ‘इंग’ या शेपट्या बहुधा काहीच हलवत नाहीत. मूळ शब्दात जोर जिथे होता तिथेच राहतो. डि-ˈव्हे-लप, म्हणून डि-ˈव्हे-लप-मन्ट. आपण ‘डेव्हलपमेंट’ म्हणताना जोर ‘डे’वर टाकतो, तो ‘व्हे’वर हवा.

शेपटी बदलली की जोर कसा सरकतो ते एका कुटुंबात बघा. ˈफो-ट-ग्राफ. मग फ-ˈटॉग-र-फी. मग फो-ट-ˈग्रॅ-फिक. मूळ शब्द एकच, पण राजा तीन वेळा बदलला. जोरासकट स्वरांचे आवाजही बदलले. पहिल्यातला ठसठशीत ‘फो’ दुसऱ्यात नुसता ‘फ’ उरला.

नियम न पाळणारे पाहुणे

नियम आहेत तसे अपवादही आहेत. गंमत म्हणजे ‘इक’च्या नियमाला न जुमानणारा एक शब्द आपल्या जवळचाच आहे: ˈऍ-र-बिक, म्हणजे अरबी भाषा. नियमानं जोर मधल्या तुकड्यावर यायला हवा होता, पण तो पहिल्यावरच बसला आहे. ˈपॉ-लि-टिक्स हाही तसाच.

अरबीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचंही असंच झालं. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’ या शब्दातून ‘अल्जिब्रा’ आला, आणि त्यांच्या स्वतःच्या नावातून ‘अल्गोरिदम’. इंग्रजीनं दोन्ही शब्दांचा जोर पहिल्या तुकड्यावर नेऊन ठेवला: ˈऍल-जि-ब्र, ˈऍल-ग-रि-दम.

काही शब्दांत ब्रिटन आणि अमेरिकेचंच जमत नाही. प्रयोगशाळेला ब्रिटिश ल-ˈबॉ-र-ट-री म्हणतात आणि अमेरिकन ˈलॅब-र-टॉ-री. दोन्ही बरोबर आहेत. मुलानं कोणताही एक धरावा.

दवाखान्यातले शब्द

नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियन अशा कोर्सना जाणाऱ्या मुला-मुलींना तर हे फारच कामाचं आहे, कारण वैद्यकातले शब्द लांब असले तरी शेपट्यांच्या बाबतीत शिस्तीचे आहेत.

शेवटी ‘आयटिस’ म्हणजे सूज किंवा दाह, आणि जोर नेमका त्या ‘आय’वर: हे-प-ˈटाय-टिस, आर-ˈथ्राय-टिस, अ-पेन-डि-ˈसाय-टिस. शेवटी ‘एक्टमी’ म्हणजे एखादा अवयव किंवा भाग कापून काढणं, आणि जोर ‘एक’वर: ऍ-पन-ˈडेक-ट-मी. शेवटी ‘इया’ असेल तर जोर बहुधा त्याच्या आधीच्या तुकड्यावर: म-ˈले-रि-अ, अ-ˈनी-मि-अ, न्यु-ˈमो-नि-अ. ‘ओसिस’ असेल तर ‘ओ’वर: ट्यु-बर-क्यु-ˈलो-सिस.

शेपटी ओळखली की इथे उच्चाराबरोबर अर्थही हाती लागतो. वॉर्डमध्ये डॉक्टरांनी एखादं नाव भरभर घेतलं तरी ते कानाला पकडता येतं.

डिक्शनरीत काय बघायचं?

डिक्शनरीत फक्त अर्थ बघून पान मिटू नका. शब्दाच्या पुढे दोन तिरप्या रेघांच्या मधे उच्चार दिलेला असतो. त्यात वरची छोटी उभी रेघ म्हणजे मुख्य जोर. फार लांब शब्दात खालच्या बाजूलाही एक रेघ दिसते, तो दुय्यम, हलका जोर. सुरुवातीला वरची तेवढी पकडा.

ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी इंटरनेटवर मोफत बघता येते. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायची सोय आहे. या डिक्शनरीचा जन्मही आपल्यासारख्यांसाठीच झाला. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ती तयार केली. १९४२ मध्ये ती जपानमध्ये निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापली. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही, त्यांच्यासाठीच ती केली गेली.

घरी रोज दहा मिनिटं

अम्मी-अब्बांना इंग्रजी येत नसलं तरी हे करून घेता येतं. मुलाच्या पुस्तकातले रोज पाच लांब शब्द निवडा. एक छोटी वही करा. मुलानं शब्द लिहावा, त्याखाली तुकडे पाडावेत, शेपटी ओळखून जोराच्या तुकड्याखाली रेघ मारावी. मग मोबाईलवर डिक्शनरी उघडून ऐकावं आणि आपलं उत्तर ताडून बघावं. आई-वडिलांनी फक्त हनुवटी किंवा टाळ्या मोजायच्या.

तोंडात शब्द बसत नसेल तर मागून बांधत या: ‘शन’. मग ‘के-शन’. मग ‘ज्यु-के-शन’. मग ‘ए-ज्यु-के-शन’. पुढून म्हणताना मुलांचा दम शेवटी संपतो आणि शेपटी गिळली जाते. मागून बांधलं की शेवट आधीच पक्का होतो.

जोर कळत नसेल तर रबर बँड दोन बोटांत धरा. जोराचा तुकडा आला की ताणायचा, बाकीच्या तुकड्यांना सैल सोडायचा. लांब म्हणणं म्हणजे काय, ते हाताला कळतं.

एक काळजी मात्र घ्या. मूल चुकलं तर घरात कुणी हसू नये, मोठ्या भावंडांनी तर मुळीच नाही. वर्गात गप्प बसायची सवय हसण्यातूनच लागते. आणि इंग्रजांसारखं बोलायचं म्हणून हे करायचं नाही. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, मुंबईतल्या बोलीची आपली लकब इंग्रजीतही राहणारच, ती राहू द्या. समोरच्याला शब्द कळला पाहिजे आणि आपल्याला तो न घाबरता म्हणता आला पाहिजे, एवढं पुरेसं आहे.

आज संध्याकाळी मुलाच्या सायन्सच्या पुस्तकातला सगळ्यात लांब शब्द शोधायला सांगा. त्याचे तुकडे त्यालाच पाडू द्या आणि जोर कुठे आहे ते तुम्हाला समजावून सांगू द्या.